पिसाचा गुलाब

आमच्या वाड्यावर ‘पिसाचा गुलाब’ नाही असे घर शोधावे लागेल. मध्यम आकाराचे, गच्च पाकळ्यांचे गुलाबी फूल, झुबक्याने येणारे. वास असा की पहाटे परसाचे दार उघडले की आधी वास आत येतो आणि मग उजेड. फांदी तोडून ओल्या मातीत खोचली तरी रुजते. त्यामुळे मूळ झाड आमच्या विहिरीपाशी आणि त्याची पोरे-नातवंडे साऱ्या वाड्यावर, असा प्रकार आहे.

‘पिसाचा’ म्हणजे मोराच्या पिसाचा नव्हे. आमच्या बाबांनी हे झाड टपालाने मागवले होते. त्याला ॲल्युमिनियमची एक पातळ पट्टी बांधलेली होती आणि तिच्यावर इंग्रजीत नाव कोरलेले होते, ‘पीस’. म्हणजे शांती. वाड्यावर फिरता फिरता त्याचे ‘पिसाचा’ झाले. शेजारची ख्रिस्ती मावशी तर त्याला ‘पिसो गुलाब’ म्हणायची. पिसो म्हणजे वेडा. ऋतू पाहत नाही, वेळ पाहत नाही, बारा महिने फुलतो, म्हणून वेडा. तिचे हे नाव मला आमच्या पट्टीवरच्या नावापेक्षा नेहमीच अधिक आवडत आले.

काही वर्षांमागे पुण्याहून एक स्नेही आमच्याकडे उतरले होते. त्यांना गुलाबांचा नाद. मी मोठ्या अभिमानाने त्यांना विहिरीपाशी नेले आणि म्हटले, “हा आमचा पीस. बाबांनी लावलेला.”

त्यांनी फूल पाहिले, पान उलटे करून पाहिले, मग खाली बसून बुंध्याजवळची माती बोटांनी उकरली.

“हा पीस नव्हे,” ते म्हणाले. “पीस पिवळा असतो. कडांना गुलाबी छटा. फूल बशीएवढे मोठे.”

“आमच्याकडच्या उन्हाने रंग बदलला असेल,” मी म्हणालो. लहानपणापासून मी स्वतःची हीच समजूत घालत आलो होतो.

“उन्हाने फिकट होतो, अगदीच गुलाबी होत नाही. हा एडवर्ड आहे. तुमचा पीस केव्हाच गेला. हा त्याच्या खालचा खुंट.”

म्हणजे चाळीसएक वर्षे आम्ही खुंटाला पाणी घालत होतो! खोटे कशाला सांगू, मला ते लागले. बाबा त्यापूर्वीच गेले होते. त्यांच्या हातचे म्हणून जे झाड मी जपत होतो ते त्यांनी मागवलेले झाडच नव्हते. पाहुणे गेल्यावर मी या विषयावर जमेल ते वाचत सुटलो. गुलाबाचे रोपटे टपालाने येऊ कसे लागले, पीस कुठला, हा एडवर्ड कोण, आणि आमच्या परसात नेमके काय घडले? त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

आधी बाबांविषयी थोडे. बाबा मराठी शाळेत शिक्षक. त्यांचे तरुणपण पोर्तुगीज अमदानीत गेले. १९५५ साली भारताने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वेची वाहतूक थांबली, आणि सरहद्दीपलीकडचा माल येणे बंद झाले. बेळगाव हाकेच्या अंतरावर, पण तिथली साधी वस्तू मिळेना. ही कोंडी १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत राहिली. त्यानंतर आपल्याकडे भारतीय टपालखाते आले, आणि त्याच्याबरोबर एक गोष्ट आली जिने बाबांसारख्या माणसाचे आयुष्य बदलून टाकले. ती म्हणजे व्ही. पी.

आजच्या मुलांना व्ही. पी. सांगून समजणार नाही. व्हॅल्यू पेएबल पोस्ट. आपण एक कार्ड टाकायचे, दुकानदाराने वस्तू पाठवायची, आणि पोस्टात पैसे भरून आपण ती ‘सोडवून’ घ्यायची. पोस्ट ते पैसे दुकानदाराला मनीऑर्डरीने पोचवणार. इंग्रजांनी ही सोय हिंदुस्थानात १८७७ साली सुरू केली. खेड्यातल्या माणसाचा शहरातल्या व्यापाऱ्यावर विश्वास नाही, व्यापाऱ्याचा खेड्यातल्या माणसावर नाही, पण दोघांचाही टपालखात्यावर आहे, या एका गोष्टीवर ही सारी व्यवस्था उभी होती. पुस्तके, दिवाळी अंक, औषधे, घड्याळे, बियाणे, काय काय म्हणून या वाटेने घरोघर गेले. पुण्याच्या पेस्तनजी पोचा यांची बियाण्यांची पेढी १८८४ सालची. फुलझाडांच्या बियांची त्यांची पाकिटे कित्येक मराठी घरांत टपालानेच पोचत.

बाबा पुस्तके व्ही. पी.ने मागवीत, आणि मग झाडेही मागवू लागले. १९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला आणि गोव्याला ४०३ ने सुरू होणारे आकडे मिळाले, तेव्हा तर त्यांना आपले गाव नकाशावर पक्के झाल्यासारखे वाटले. पत्त्याखाली ते सहा आकडे एकेक चौकट आखून ते लिहीत.

१९७३ च्या दिवाळीनंतर त्यांनी उत्तरेकडच्या एका नर्सरीचे सूचीपत्र मागवले. ते सूचीपत्र अजून घरात आहे. चित्रे मोजकीच, बाकी सगळी नावे. हारीने नावे, रंग, वासाचा खुलासा, किंमत. गंमत अशी, की गोव्यात आमच्या घरांतल्या फुलांना जातीचे नाव असते, एकेका झाडाचे नाव नसते. आबोली म्हणजे आबोली, जाई म्हणजे जाई, शेवंती म्हणजे शेवंती. गुलाबसुद्धा तोवर फक्त गुलाब होता, फार तर तांबडा किंवा सफेद. फुलाला माणसासारखे स्वतंत्र नाव असते, ते कुणी कधी दिले याची नोंद असते, आणि ते नाव सांगून हजार मैलांवरून तेच फूल मागवता येते, हे बाबांना त्या सूचीपत्राने शिकवले. टपालाने मागवलेल्या गुलाबाचे खरे आकर्षण हेच होते. बाजारातला गुलाब तुम्ही बघून घेता. टपालाचा गुलाब तुम्ही नाव वाचून घेता. म्हणजे मागवायचे नाव, आणि मग ते नाव फुलण्याची वाट बघायची.

बाबांनी एकच रोप मागवले. शिक्षकाच्या पगारात एकच बसले.

जानेवारी १९७४ मध्ये पोस्टमन चिठी घेऊन आला. रोपाला वाटेत नऊ दिवस लागले होते. त्या काळी मोठी रेल्वे मिरजेपर्यंत. तिथून पुढे लोंढ्यावरून गोव्यात उतरणारी छोटी, मीटरगेज गाडी. पार्सल मिरजेला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेलेले. मी तेव्हा पाच वर्षांचा. मला आठवते ते इतकेच, की गोणपाट उसवल्यावर आत गवत निघाले, गवतात मातीचा एक घट्ट गोळा निघाला, आणि गोळ्यातून दोन-तीन काटेरी काड्या वर आलेल्या. एक पान नाही. आई म्हणाली, “एवढे पैसे मोजले ते या काटक्यांना?” बाबांनी उत्तर दिले नाही. ते पट्टीवरचे नाव वाचत होते.

त्या पान नसलेल्या काटक्यांतच टपालाच्या गुलाबाचे सगळे रहस्य आहे.

जिवंत झाड दूर पाठवणे ही माणसाची फार जुनी अडचण. शिडाच्या जहाजांवरून झाडे जात तेव्हा ती डेकवर कुंड्यांतून ठेवीत. खारे तुषार, ऊन, आणि गोडे पाणी माणसांनाच पुरत नसे तिथे झाडांना कोण घालणार? बहुतेक झाडे वाटेतच मरत. १८२९ च्या सुमाराला लंडनमधले डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश बाटलीत बंद करून ठेवला होता. त्या बंद बाटलीतल्या ओल्या मातीत एक नेचा आणि थोडे गवत आपोआप उगवून तगलेले त्यांना दिसले. बाष्प वर जाते, काचेवर जमते, पुन्हा मातीत उतरते. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून झाडे लंडनहून सिडनीला जिवंत पोचली. पुढे चहाची रोपे चीनमधून हिंदुस्थानात आली ती याच ‘वॉर्डच्या पेटी’तून. पण काचेची पेटी ही सरकारांची, कंपन्यांची गोष्ट. ती काही पोस्टमनच्या पिशवीत मावणारी नव्हती.

टपालाला गुलाब सोयीचा पडला, कारण थंड मुलुखात गुलाब झोपतो. हिवाळ्यात त्याची पाने गळतात, रस थांबतो. अशा झोपलेल्या झाडाची मुळे मातीतून मोकळी करून, ओल्या शेवाळात गुंडाळून पाठवली तर ते आठवडेच्या आठवडे तग धरते. त्याला आपण प्रवासाला निघालो आहोत हे कळतच नाही म्हणा ना!

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या वेस्ट ग्रोव्ह नावाच्या छोट्या गावी चार्ल्स डिंगी आणि आल्फ्रेड कॉनर्ड या दोघांनी १८६० च्या दशकात हा धंदा नावारूपाला आणला. टपालात तेव्हा चार पौंडांपेक्षा जड पुडके चालत नसे. म्हणून त्यांनी गुलाबाच्या कांड्यांना काचघरात मुळे फोडून लहान लहान रोपे तयार केली आणि ती ओल्या शेवाळात गुंडाळून देशभर पाठवली. त्यांचे सूचीपत्र नुसते दरपत्रक नव्हते. ‘न्यू गाइड टु रोझ कल्चर’ या नावाने ते निघे आणि त्यात गुलाब लावायचा कसा, छाटायचा कसा हेही असे. रोप विकायचे तर आधी माळी घडवला पाहिजे, हे त्यांना कळले होते. १ जानेवारी १९१३ पासून अमेरिकेत पार्सल टपाल सुरू झाले आणि मोठी, दोन वर्षांची झाडेही घरपोच जाऊ लागली. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जॅक्सन अँड पर्किन्स या पेढीने गुलाबांचा बगीचा मांडला. बघायला आलेले लोक म्हणू लागले, आम्ही इथून झाड कसे नेणार? घरी पाठवा. त्यातून त्यांचा टपाली व्यापार उभा राहिला आणि पुढे तो अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या गुलाबव्यापारांपैकी एक झाला.

आता बाबांच्या पीसकडे येतो. कारण पीसची कथा हीच मुळी एका पुडक्याची कथा आहे.

फ्रान्समध्ये लिआँ शहराजवळ फ्रान्सिस मेयाँ नावाचा तरुण गुलाबकर्मी होता. १९३५ साली केलेल्या संकरातून त्याच्याकडे एक रोप आले. त्याला त्याने नाव दिले नव्हते, क्रमांक दिला होता: ३-३५-४०. फूल फिकट पिवळे, कडांना गुलाबी, आकाराने मोठे. दुसरे महायुद्ध तोंडावर आले तेव्हा त्याने त्याचे डोळे, म्हणजे कलमासाठीच्या कळ्या, जर्मनी, इटली आणि अमेरिकेला पाठवले. अमेरिकेला गेलेल्या पुडक्याबद्दल एक हकिकत सांगतात, की लिआँ सोडून निघालेल्या अमेरिकी वकिलाने ते पौंडभर वजनाचे पुडके आपल्या सामानातून नेले. मग युद्ध सुरू झाले, टपाल तुटले. आपला गुलाब कुठे काय करतो आहे, याचा मेयाँला पत्ता नाही. फ्रान्समध्ये त्याने त्याला आपल्या दिवंगत आईचे नाव दिले, ‘मादाम आ. मेयाँ’. इटलीत तो ‘जोइआ’ म्हणजे आनंद झाला, जर्मनीत ‘ग्लोरिया देई’ म्हणजे देवाचे वैभव. आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी, बर्लिन पडायच्या बेतात असताना, कॅलिफोर्नियातल्या पासाडीना इथे त्याचे नामकरण झाले ‘पीस’. त्याच दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची स्थापना करणारी परिषद भरली होती. तिथे आलेल्या ४९ शिष्टमंडळांच्या प्रमुखांना या गुलाबाचे एकेक फूल देण्यात आले.

हा गुलाब अमेरिकेत वाढवून बाजारात आणणारी पेढी कोणती? कॉनर्ड-पाइल, वेस्ट ग्रोव्हची. म्हणजे डिंगीच्या भागीदारीतून बाहेर पडलेल्या त्याच कॉनर्डने पुढे काढलेल्या पेढीचा वारसा. टपालाने गुलाब पाठवण्याची रीत जिथे रुजली, त्याच गावातून पीस जगभर गेला.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. १९३० साली अमेरिकेने कायदा केला, की कलमाने वाढवलेल्या नव्या झाडावर शोधणाऱ्याला पेटंट घेता येईल. १९३१ सालचे पहिले पेटंट एका गुलाबालाच मिळाले, ‘न्यू डॉन’ला. तेव्हापासून गुलाबाचे नाव ही नुसती हौस राहिली नाही, ती मालमत्ता झाली. सूचीपत्रातल्या नावामागे माणसे होती, कष्ट होते आणि पैसेही होते.

पण हे सगळे नाव, हे सगळे पेटंट, झाडाच्या वरच्या भागाचे. खालच्या भागाचे काय?

आपल्या देशात गुलाब पाठवणाऱ्यांची अडचण वेगळी होती. आपल्याकडे गुलाब थंड देशांतल्यासारखा झोपतच नाही. उत्तरेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याला जेमतेम डुलकी लागते. तेवढ्या दिवसांत पाने काढून, फांद्या छाटून, मुळांशी मातीचा गोळा तसाच ठेवून, गवतात आणि गोणपाटात बांधून झाड रवाना करायचे. म्हणून बाबांच्या सूचीपत्रात ‘रोपे फक्त थंडीत पाठवली जातील’ अशी ठळक सूचना होती. म्हणून ती काटकी बिनपानांची होती.

दुसरी गोष्ट मुळांची. विलायती गुलाब आपल्या मातीत स्वतःच्या मुळांवर नीट जगत नाहीत. म्हणून आधी एक कणखर गुलाब लावायचा. त्याच्या काडीच्या सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर द्यायची, सालीखाली हव्या त्या गुलाबाचा एक डोळा सरकवायचा आणि बांधून टाकायचे. आपले माळी याला ‘डोळा भरणे’ म्हणतात. डोळा फुटला, फांदी झाली, की वरचे मूळचे झाड छाटून टाकायचे. राहते काय? वर पीस आणि खाली खुंट. सूचीपत्रात नाव पीसचे. खुंटाचे नाव कुठेच नाही. गिऱ्हाईक ते विचारत नाही आणि नर्सरी सांगत नाही.

उत्तरेच्या मैदानी भागात खुंटासाठी फार वापरला गेला तो एडवर्ड. पूर्वेकडे आणि डोंगरी भागात मल्टिफ्लोरा. भारतात गुलाबाची शास्त्रीय जोपासना ज्यांच्यामुळे घरोघर गेली त्या डॉ. बी. पी. पाल यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. १९०६ मध्ये जन्मलेले पाल लहानपणी ब्रह्मदेशात वाढले. पेशाने ते गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला दाद न देणारे गहू त्यांनी घडवले, आणि १९६५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. पण त्यांचा जीव गुलाबात. ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘डॉ. होमी भाभा’ असे गुलाब त्यांनी तयार केले आणि १९६६ साली ‘द रोझ इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. आपल्या हवेत, आपल्या मातीत गुलाब कसा टिकेल हा त्यांचा ध्यास होता. दिल्लीच्या कोरड्या थंडीत तो टिकतो. आमच्या गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत! चिऱ्याच्या जमिनीत पाणी वाहून जाईल, पण पानांवरची ओल कशी जाणार? पानांवर काळे ठिपके पडतात, पाने गळतात, फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते.

आमच्या परसात हेच घडले. बाबांची एक जाड वही आहे. तिच्यात व्ही. पी. सोडवल्याच्या पावत्या चिकटवलेल्या आणि शेजारी बारीक अक्षरांत नोंदी. पाहुणे गेल्यावर मी ती पहिल्यांदाच नीट वाचली. १९७४ च्या डिसेंबरात नोंद आहे: ‘पीस फुलला. एकच फूल. पिवळे, कड गुलाबी. शाळेतल्या मुलांना आणून दाखवले.’ १९७५ च्या हिवाळ्यात चार फुले. मग मिरगाचा पाऊस, चवथीच्या दिवसांत ‘फांदी काळी पडते आहे’. आणि १९७६ च्या नोव्हेंबरात दोनच वाक्ये: ‘पीस गेला. खालचा आला आहे, राहू दे.’

म्हणजे बाबांना माहीत होते.

वरची फांदी मेली की खुंट गप्प बसत नाही. इतकी वर्षे दुसऱ्याला पोसणारी मुळे स्वतःचा फुटवा वर काढतात. गुलाबाच्या पुस्तकांत लिहिलेले असते, की हा फुटवा दिसताच उपटून टाका, तो चोर आहे, कलमाचे अन्न खातो. बाबांनी ते पुस्तकी ज्ञान वाचलेले असणारच. तरी त्यांनी तो उपटला नाही.

वही घेऊन मी आईकडे गेलो. आता तिला कमी ऐकू येते. मी मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, “अरे, पिवळे फूल गुलाबी झालेले मला दिसत नव्हते की काय? पण त्यांनी इतक्या हौसेने मागवलेले. मी कशाला बोलू? आणि याची फुले रोज देवाला मिळत होती. त्या पिवळ्याने दोन वर्षांत पाच दिली.”

आईला माहीत, बाबांना माहीत. माहीत नव्हते ते फक्त मला, आणि सगळ्या वाड्याला.

आता या एडवर्डचे कूळ सांगतो, म्हणजे आपल्या परसात कोण उभे आहे ते कळेल. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, रेयुनियाँ नावाचे फ्रेंच बेट आहे. पूर्वी त्याला बुर्बाँ बेट म्हणत. तिथले लोक शेताच्या कडेने गुलाबांचे कुंपण करीत. एक गुलाब चीनचा, वारंवार फुलणारा. दुसरा दमास्क जातीचा, वासाचा. १८१७ साली ब्रेआँ नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ तिथल्या सरकारी बागेवर आला. एदुआर पेरिशाँ नावाच्या माणसाच्या जागेत त्याला एक वेगळाच गुलाब दिसला. दोन्हींचे गुण घेतलेला. चीनच्या गुलाबासारखा वारंवार फुलणारा आणि दमास्कसारखा सुवासिक. कुणी मुद्दाम केलेला हा संकर नव्हता. कुंपणातच तो घडला होता. बेटावर त्याला ‘रोझ एदुआर’ म्हणत. ब्रेआँने १८१९ च्या सुमारास त्याचे बी फ्रान्सला पाठवले. ते उतरले ड्यूक ऑफ ऑर्लिआँच्या माळ्याकडे, आंत्वान झाक याच्याकडे. त्या बियांतून युरोपात बुर्बाँ गुलाबांचे सारे घराणे वाढले, आणि एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक गुलाबांच्या रक्तात ते मिसळले.

तोच एदुआर आपल्याकडे एडवर्ड झाला. उत्तर भारतात गुलकंदासाठी, गुलाबपाण्यासाठी त्याची शेती होते. पण बहुतेक घरांत तो शिरला तो चोरपावलांनी, दुसऱ्याच्या नावाखाली, खुंट म्हणून. आमच्याकडे आला तसाच.

पीस आणि एडवर्ड, दोघेही पुडक्यांतून जग फिरलेले. एकाला वकिलाने आपल्या सामानातून नेले आणि राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी हाती धरले. दुसरा कुंपणात जन्मला, बी होऊन बोटीने गेला, आणि आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या नावाची पट्टीसुद्धा कुणी बांधली नाही. गुलाबांचा इतिहास लिहिणारे साहजिकच पट्टीवरची नावे लिहितात, कारण सूचीपत्रे जपून ठेवलेली असतात. पण टपालाने गुलाब मागवणाऱ्या आपल्यासारख्या किती घरांत शेवटी काय उरले, याचा हिशेब केला तर मला वाटते खुंटांचीच संख्या जास्त भरेल. ज्या मुलुखात वरचा गुलाब टिकत नाही तिथे मागवलेले नाव जाते आणि न मागवलेले झाड राहते. आणि ते राहिले म्हणूनच वाड्यावरच्या प्रत्येक घरात फांदी गेली. पीसची फांदी खोचून रुजवण्याच्या फंदात कुणी पडले असते, तर आमच्या पावसात बहुधा हाती काही लागले नसते.

यात नर्सरीची फसवणूक मुळीच नाही, हे आवर्जून सांगतो. त्यांनी पीस पाठवला होता आणि पीसच फुलला होता. तो टिकला नाही तो आमच्या पावसाने.

गेल्या थंडीत मी पुन्हा एक पीस मागवला. आता कार्ड टाकावे लागत नाही, व्ही. पी. सोडवावी लागत नाही. फोनवर बोट टेकवले, पैसे दिले, पाचव्या दिवशी कुरिअरवाला दारात. गोणपाटाच्या जागी पुठ्ठ्याचा खोका, मातीच्या जागी नारळाच्या सोडणाचा भुसा. गोव्यात परप्रांतातून सोडणाचा भुसा विकत येतो, याचे हसू आले. खोका उघडल्यावर मी आधी फांदी पाहिली नाही. डोळा भरल्याची गाठ शोधली आणि तिच्या खाली काय आहे ते पाहिले. नर्सरीला फोन करून खुंट कोणता म्हणून विचारले. पलीकडचा मुलगा गोंधळला. म्हणाला, “सर, असे कुणी विचारत नाही.”

हा नवा पीस मी कुंडीत लावला आहे आणि पावसाळ्यात तो ओसरीच्या आत ठेवणार आहे. बघू.

एक प्रश्न राहिला होता, तो जुन्या पट्टीचा. ॲल्युमिनियमची ती पट्टी अजून विहिरीकाठच्या झाडाला आहे. तार दोनदा बदलली, पट्टी तीच. ती काढून नव्या पीसला बांधावी, जिचे नाव तिला द्यावे, असे मला वाटले. आईला विचारले. ती म्हणाली, “त्यांनी ‘राहू दे’ लिहिलेय ना? मग राहू दे.”

पट्टी तिथेच आहे. फांदी मागायला कुणी आले की मी आता दोन्ही नावे सांगतो. एडवर्ड सांगतो, बेट सांगतो, एदुआर सांगतो. ऐकणारा मान डोलावतो, फांदी घेतो आणि जाताना म्हणतो, “पिसाचा गुलाब मिळाला हो एकदाचा!”